तीनशे दोनची गरम भिंत

सगळ्यात आधी सिस्टरबाईंचं सांगते. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. यवतमाळातल्या त्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्सबाई, एवढं पुरे. बिल्डिंगच्या मेंटेनन्सचा पैसा त्यांच्याकडे असायचा. माझ्यावर सगळे उलटले तेव्हा माझ्या बाजूला येऊन उभं राहिलेलं एकच माणूस म्हणजे त्या. त्यांच्यामुळे माझं छप्पर राहिलं. काय झालं ते आता लिहिते, पण हे आधी लिहून ठेवलं म्हणजे बरं वाटतं. माझा स्वभावच भ्यायचा. मधेच काही झालं आणि हेच लिहायचं राहून गेलं तर?

मी भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. सहावीतून शाळा सुटली. आई भाताच्या रोवणीला जायची आणि धाकट्या दोघांना सांभाळायला घरी कोणी नव्हतं. कापूस मी लग्नापर्यंत दिव्याच्या वातीपुरता पाहिलेला. नवऱ्याला यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये काम मिळालं, म्हणून पोरीला कडेवर घेऊन इतक्या लांब आले. आणि त्याच हंगामात जिनिंग वेळेआधी बंद पडलं. भाव पडलेले, ज्याच्याकडे कापूस होता तो भाव चढायची वाट पाहत घरात दाबून बसलेला. सरकी काढायला कापूसच येईना. ती वर्षंच तशी होती. जिल्ह्याचं नाव टीव्हीवर आलं की आई गावातून शेजाऱ्याच्या फोनवरून विचारायची, "तिथं काय करून राह्यली वं तू? परत ये." परत कुठे येणार? तिकडे भावांची लग्नं झालेली, घर भरलेलं.

नवरा ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. पंधरा-पंधरा दिवस बाहेर. त्या बिल्डिंगला दिवाळीपासून वॉचमन नव्हता, म्हणून संक्रांतीच्या सुमाराला पार्किंगमधली खोली आम्हाला मिळाली. खोलीला भाडं नाही. त्याच्याबदली जिना झाडायचा, मोटर लावून वरची टाकी भरायची, कचरा काढायचा आणि घरोघर जाऊन मेंटेनन्स गोळा करून सिस्टरबाईंकडे द्यायचा. ती खोली गेली तर पोरीला घेऊन बसस्टँडवर बसायचं, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात रात्रंदिवस असायचा.

गोळा करणं नावालाच होतं. दुसऱ्या मजल्यावर अध्यक्ष राहायचे, खता-बियाण्याच्या दुकानवाले. ते दार अर्धंच उघडून म्हणायचे, "कापूस विकू दे बाई, मग देतो." त्यांच्या शेजारी एक गुरुजी आणि त्यांची बायको. गुरुजींना तर दर महिन्याला पगार, पण तेही म्हणायचे, "गावाकडचा कापूस गेला की एकदमच देऊन टाकतो ना." कुणाचं शेत फुलसावंगीकडे, कुणाचं बोरी अरबला. राहायला सिमेंटचं घर, पण त्याचा खर्च निघायचा काळ्या मातीतून. तिथली चालच ती. लाइटबिल भागेल एवढंच हातात पडायचं. बाकी सगळं, लिफ्ट, रंग, गच्चीची गळती, कापूस विकल्यावर.

गळती टाकीखालून होती. गच्चीचा स्लॅब तडकला होता आणि पाणी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात थेंब थेंब पडायचं. सिस्टरबाई दर मीटिंगला म्हणायच्या, "अगोदर हे करा." सगळे माना हलवायचे आणि घरी जायचे. मी तिथे एक घमेलं ठेवलं होतं. ओलीचा डाग भिंतीवरून सरकत सरकत एका बंद दाराकडे जात होता. तो फ्लॅट तीनशे दोन.

तीनशे दोनचा मालक नोकरीला पुण्यात. घर कायम बंद, दाराला बाहेरून मोठं कुलूप. किल्ली आमच्याकडे नव्हती. समोरचे दोन्ही फ्लॅटही रिकामेच. तिसऱ्या मजल्यावर माझ्याशिवाय कुणी जात नव्हतं.

माघाची थंडी होती. एक दिवस जिना झाडताना तोल गेला म्हणून मी तीनशे दोनच्या भिंतीला हात टेकला आणि चटकन काढून घेतला. भिंत गरम होती. उन्हाने तापते तशी नाही, तिथे ऊन येतच नाही. ताप आलेल्या लेकराच्या पाठीसारखी. मी खाली आले, हात धुतला, आणि स्वतःला म्हटलं, आतून धुराची चिमणी जात असेल. फ्लॅटमधून कसली चिमणी जाते? पण मनाला काहीतरी सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मांजर पिल्लांना घेऊन त्या दारालाच चिकटून झोपलेलं. वर भिंतीवर पाली. बिल्डिंगभर हिवाळ्यात पाली दिसत नव्हत्या आणि तिथे ट्यूबलाइटभोवती जमतात तशा जमलेल्या, अंधारात. माझी पोरगी तेव्हा नुकती बोलू लागली होती. ती सरळ गेली, भिंतीला गाल लावला आणि डोळे मिटून उभी राहिली.

"माय," ती म्हणाली, "इथं कोन निजलं?"

मी तिला उचलून इतकी जोरात ओढली की ती रडायला लागली. सांगू कुणाला? नवरा ट्रकवर. लोकांना सांगावं तर म्हणतील, ही बाई डोक्याने अशी, हिच्याकडे मोटर कशी द्यायची. मी गप्प बसले आणि रोज तिसरा मजला झाडत राहिले, भिंतीपासून अंग चोरून.

मग दाराखालून काहीतरी बाहेर यायला लागलं. पांढरं, म्हाताऱ्या बाईच्या केसासारखं. वाऱ्याची झुळूक जिन्यातून वर आली की ते आत ओढलं जायचं, झुळूक गेली की पुन्हा बाहेर. आत, बाहेर. मी झाडू लावला की तुटून येई, आणि सकाळी पुन्हा तिथेच. सोबत बारीक लाल किडेही यायला लागले. ते ओळीने जिना उतरायचे, जसं कुणी त्यांना खाली पाठवलं आहे.

त्या काळात लोडशेडिंग मोठं होतं. भर दुपारी लाइट जायची, पंखे, टीव्ही, मिक्सर, सगळं एकदम बंद. अशी शांतता व्हायची की रस्त्यावरच्या सायकलची चेन ऐकू यावी. त्या शांततेत वरून आवाज यायचा. चर्र... चर्र... मधेच बारीक फुटल्यासारखं. तीनशे दोनच्या बरोबर खाली गुरुजींचं घर होतं. त्यांची बायको एकदा माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली,

"खरं सांग. वर कोन राह्यते?"

"कोनी नाही मॅडम. कुलूप आहे."

"मंग आमच्या छतावर कोन कूस बदलते? लाइट गेली की सुरू होते. श्वास घेतल्यावानी."

तिच्या दोन्ही हातांवर लाल पुरळ आलं होतं. ती बोलता बोलता खाजवत होती. माझ्याही मानेवर तेच होतं. थोड्याच दिवसांत अर्धी बिल्डिंग खाजवायला लागली. कुणी म्हणालं टाकीचं पाणी खराब, कुणी म्हणालं हे पाण्याचं नाही. आणि टाकी तर मी संध्याकाळी काठोकाठ भरायची, सकाळी ती अर्धी झालेली असायची. इतकं पाणी वापरणारी माणसंच बिल्डिंगमध्ये नव्हती. "बंद घरात पाणी कोन वापरते?" असा प्रश्न जिन्यात फिरायला लागला. लोक मला पाहिलं की गप्प व्हायचे. मग वासही सुरू झाला, आंबलेला, ओल्या घोंगडीसारखा. गुरुजींची बायको सामान बांधून माहेरी जाते म्हणाली. अध्यक्षांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली.

खुर्च्या माझ्याच खोलीपुढे मांडल्या होत्या. मला बसायला कुणी सांगितलं नाही, पोरीला धरून मी खांबाला टेकून उभी राहिले.

अध्यक्ष म्हणाले, "सरळ बोलतो. ही बाई आल्यापासून हे चालू हाय. आधी कधी होतं का असं?"

"नव्हतं," गुरुजी म्हणाले.

"तीनशे दोनची किल्ली हिच्याजवळ असन. हिचा माणूस घरी राहत नाही. वर कोनाले ठेवते, काय करते, पाणी कुठं जाते? नाहीतर मंग पायगुण म्हना. बाई, काहून गप हायेस? बोल ना."

मी एवढंच म्हटलं, "किल्ली नाही जी माझ्याकडे."

"महिना भरला की खोली खाली कर," ते म्हणाले.

तेव्हा सिस्टरबाई उठल्या. चष्मा पुसला, खुर्ची उचलली आणि माझ्याशेजारी आणून ठेवली. मला म्हणाल्या, "बस." आणि त्या स्वतः उभ्या राहिल्या.

"अध्यक्षसाहेब, भूत असन तर असो. पण मेंटेनन्स देत काहून नाही ते? तीनशे दोनचं वर्षाचं बाकी हाय."

कुणीतरी मागे हसलं. अध्यक्ष हसले नाहीत.

"मस्करी नका करू सिस्टर."

"मस्करी कायची? तुम्ही इले काढून राह्यले, अन् दार कोनी उघडून नाही पाह्यलं. आधी दार उघडा. मंग काढाचं त्याले काढू."

"दुसऱ्याचं कुलूप हाय. मालकाले विचारल्याशिवाय कसं उघडता?"

सिस्टरबाईंनी तिथूनच पुण्याला फोन लावला. पलीकडून मालकाचा आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता, फक्त सिस्टरबाई ऐकताना दिसत होत्या आणि त्यांचा चेहरा बदलत होता. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "किल्ली त्याच्या काकाजवळ हाय म्हणे, बोरी अरबला. उघडू नका म्हणते. तीनदा म्हणाला, उघडू नका. काय हाय आत, ते सांगत नाही."

ऊन चांगलं वर आलं होतं, तरी माझ्या हातावर काटा उभा राहिला.

"चला," सिस्टरबाई म्हणाल्या. "लोखंडी पहार आना. कुलूप मी तोडलं म्हणून लिहा रजिस्टरमध्ये."

सगळे वर गेले, पण तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सगळ्यांचे पाय मंद झाले. सिस्टरबाई एकट्या पुढे गेल्या. त्यांनी भिंतीला तळवा लावला, जसा त्या आयुष्यभर लोकांच्या कपाळाला लावत आल्या असतील, आणि तो काढला नाही. मी त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरून आपल्या हाताशेजारी ठेवला. भिंत पहिल्यापेक्षा कितीतरी गरम झाली होती. पण दोन हात होते तेव्हा मला ती तितकी भिववेना.

गुरुजींनी पहारीने कुलूप तोडलं. दार ढकललं तर ते वीतभर आत गेलं आणि थांबलं. लाकडाला लागल्यासारखं नव्हे, कुणी मऊ पोट लावून आतून रेटत असावं तसं. त्या फटीतून गरम हवा आमच्या तोंडावर आली, ओली, आंबूस, लांब सुस्कारा टाकल्यासारखी. आत अंधार होता. खिडक्या चटयांनी झाकलेल्या. गुरुजींची बायको मागे सरकली आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटू लागली.

अध्यक्षांनी फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. त्यांचे डोळे क्षणभर मोठे झाले आणि मग चेहरा असा पडला की मला वाटलं कुणाचं तरी प्रेत हाताला लागलं. मुठीतून त्यांनी जे बाहेर काढलं ते पिवळं, ओलं होतं आणि त्यातून वाफ निघत होती.

"कापूस," ते हळूच म्हणाले.

मी फक्त मुठीतली वाफ पाहत होते, मला काही कळलं नाही. पण बाकी सगळ्यांना एकदम कळलं. तोपर्यंत ते गुरुजी होते, दुकानदार होते, मॅडम होत्या. त्या एका शब्दानंतर सगळे शेतातले झाले. गुरुजींनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. त्यांच्या बायकोने पदर नाकाला बांधला. "ओला झाला हो," कुणी म्हणालं. "आतून पेटून राह्यला, लवकर काढा." सिस्टरबाई मला म्हणाल्या, "पोरीले खाली कोनाजवळ दे अन् घरोघरच्या चादरी आन. बकेटीत पाणी भरून ठेव. ज्वाला दिसली तरच टाकजो."

मग सगळी बिल्डिंग त्या दारातून कापूस उपसायला लागली. चादरीत गाठोडं बांधायचं आणि जिन्याने खाली. दाराला लागलेला पांढरा होता. आत जाऊ तसा पिवळा, मग तपकिरी. बरोबर मधे, छतातून टाकीचं पाणी गळत होतं त्याच्याखाली, तो काळा झाला होता आणि हवा लागली तसा धुमसायला लागला. सरकी तडतडत होती. तोच तो आवाज, आणि अंगावर पुरळ आणणारे लाल किडेही त्यातलेच. भिंतीला लागून भरलेला सगळा ढीग आतल्या आत भाजत होता आणि खाली आम्ही स्वयंपाक करत होतो, झोपत होतो.

दुपार उलटेपर्यंत माझ्या खोलीपुढचं सगळं पार्किंग कापसाने भरलं. लोकांनी तो पसरवला होता आणि प्रत्येक ढिगातून वाफ वर जात होती, पांढऱ्या ढिगावर पांढरी वाफ. दमलेली माणसं भोवती उभी होती. लाइट गेलेली. वाऱ्याने वरचा थर हलायचा, खाली बसायचा. मला आता माहीत होतं की तो कापूस आहे, तरी मी दाराची कडी लावूनच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने बोरी अरबचे काकाजी आले. म्हातारे, पांढरी टोपी, पिशवीत डबा. त्यांना कुणी ओरडायला सुरुवात करायच्या आधीच ते ढिगाशी उकिडवे बसले आणि हात आत घातला.

"दिवाळीत आनला होता जी," ते म्हणाले. "तुम्ही समदे गावी गेलते, वॉचमन नव्हता. घरचं कवेलूचं छप्पर गळते म्हणून इथं आनला. म्हटलं पक्क्या स्लॅबचं घर हाय, भाव येईपर्यंत माल सुका राहीन."

पक्का स्लॅब हे ऐकून सगळ्यांनी खाली पाहिलं. सिस्टरबाईच बोलल्या, पण काकाजींशी नाही, अध्यक्षांशी. "आपुन स्लॅब कधी करनार होतो साहेब?"

अध्यक्ष म्हणाले, "कापूस विकल्यावर."

"मंग?"

काकाजींना मी चहा करून दिला. त्यांनी अर्धा घेतला, अर्धा कपात ठेवला. "भाव येनार होता," ते मला म्हणाले, जसं मी त्यांना काही विचारलं होतं. "माझं नाही, समद्यांचंच म्हननं होतं, येनार होता." संध्याकाळी वरचा थोडा पांढरा कापूस पोत्यात भरून ते गेले. बाकीचा गावाबाहेर टाकला.

माझ्या खोलीचं मात्र कुणी बोलेना. महिना भरायला थोडेच दिवस राहिले होते. मी भांडी एका पोत्यात भरून ठेवली होती, न जाणो. एका सकाळी अध्यक्ष मोटरजवळ येऊन उभे राहिले. मी घाबरून उठले.

"मोटर किती वेळ चालवतेस?" त्यांनी विचारलं.

"टाकी भरेपर्यंत जी."

"हं. गळती काढली की तेवढी लागनार नाही." आणि ते जायला वळले.

"साहेब!" सिस्टरबाई वरून गॅलरीतून ओरडल्या. "तिले नीट सांगा."

ते थांबले. कानामागे खाजवलं. "राह्य बाई इथंच," ते म्हणाले. "चुकलं आमचं." आणि पटकन जिना चढून गेले.

त्या वर्षी स्लॅबचं काम कापूस विकायच्या आधी झालं. बिल्डिंगमध्ये तसं पहिल्यांदाच घडलं. पैसे कसे जमले मला माहीत नाही. गोळा करायला सिस्टरबाई स्वतः माझ्याबरोबर दारोदार फिरल्या. कुणी तोंड उघडायच्या आत म्हणायच्या, "कापसाचं नाव घेऊ नका."

तीनशे दोनची भिंत बरेच दिवस कोमट राहिली. मी तिथे झाडायला गेले की हात लावून पाहायची, रोज थोडी थोडी थंड होत गेली. पोरगी एकदा माझ्यामागून आली, गाल लावला आणि म्हणाली, "ते उठून गेलं." कुठे गेलं, असं मी तिला विचारलं नाही. आजही विचारत नाही. ती मोठी झाली, तिला काहीच आठवत नाही म्हणते.

त्या खोलीत आम्ही बरीच वर्षं काढली. नवऱ्याला पुण्याकडे काम लागलं तेव्हा सोडली. इथे आता आम्ही एका मोठ्या सोसायटीत राहतो, म्हणजे राखतो. मेंटेनन्स दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो, कुणी पिकाचं नाव काढत नाही. तरी नवीन बंद फ्लॅट दिसला की मी नकळत त्याच्या भिंतीला तळवा लावते. बहुतेक भिंती थंडच असतात.

सिस्टरबाई अजून यवतमाळातच आहेत. एकट्या. मधे फोन केला तर म्हणाल्या, डोळ्यांनी कमी दिसते, हात थरथरते, बाकी बरी हाय. मी रडले तर चिडल्या. "कायले रडते वं? काही फेडाचं नाही तुले," म्हणाल्या. त्यांचं सगळं मी ऐकलं, हे एक ऐकणार नाही. सिस्टरबाई, तुम्हाला वाचून दाखवणारं कुणी असेल तर त्यांनी एवढं मोठ्याने वाचावं: पोरीचं शिक्षण यंदा संपतं. त्यानंतर ज्या दिवशी तुम्हाला उठवून बसवायला, घास भरवायला माणूस लागेल, त्या दिवशी मी पुण्याहून गाडीत बसेन, आणि तुम्ही नको म्हणालात तरी तुमच्याजवळ राहीन.